विमानात न बसणाऱ्याला विमानाचा काय उपयोग?

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले. तुम्ही देवगडचे बागायतदार. आपल्या सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झाला, मोठा समारंभ झाला. पण आपल्या घरातलं कुणी विमानात बसलेलं नाही आणि बसेल असं वाटतही नाही. मग विमानवाहतुकीने जगाचं भलं होतं असं जे सांगतात, त्यातलं आपल्या वाट्याला काय येतं, असं तुम्ही विचारलंत. मी मुंबईला सहारच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या, कार्गो संकुलात बरीच वर्षं माल कस्टममधून सोडवायची (क्लिअरिंगची) कागदपत्रं केली. प्रवाशांच्या टर्मिनलशी माझा फारसा संबंध आला नाही. त्यामुळे मी मालाच्या बाजूने सांगणार, आणि तुमचं उत्तर मला तरी त्याच बाजूला दिसतं.

आधी मोठे आकडे बाजूला काढू, कारण कुठल्याही भाषणात तेच येतात. या उद्योगाचीच एक संस्था आहे, एअर ट्रान्सपोर्ट अ‍ॅक्शन ग्रुप. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात ८ कोटी ६५ लाख नोकऱ्या विमानवाहतुकीमुळे आहेत आणि जगाच्या एकूण उत्पन्नात तिचा वाटा ३.९ टक्के आहे. हे आकडे खोटे नाहीत, पण ते कसे जुळवलेत ते बघावं. विमानकंपन्या, विमानतळ, विमानं बनवणारे कारखाने यांत थेट काम करणारी माणसं एक कोटीच्या थोडीच वर भरतात. बाकीच्यांत हॉटेलातला आचारी येतो, पुरवठादार येतो, आणि या सगळ्यांच्या पगारावर ज्याचं दुकान चालतं तो वाणीही येतो. मी अशा बेरजेवर विसंबत नाही. मला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. जगाच्या व्यापारातला वजनाने एक टक्क्याहूनही कमी माल विमानाने जातो, पण किमतीने बघितलं तर तोच माल जवळपास एक तृतीयांश भरतो. म्हणजे जे महाग आहे, नाशवंत आहे किंवा ज्याची कुणीतरी घड्याळ लावून वाट बघतंय, तेच विमानात चढतं.

आणि ते चढतं कुठे? बऱ्याच लोकांना वाटतं की मालाची विमानं वेगळीच असतात. तशी असतातही, पण जगातला साधारण अर्धा माल प्रवासी विमानाच्या पोटातून जातो. आमच्याकडे त्याला सरळ ‘बेली’ म्हणत. वर माणसं जेवत, झोपत चाललेली असतात आणि त्यांच्या पायांखाली औषधं, सुटे भाग, भेंडी, मिरच्या, हिऱ्यांची पाकिटं. सुरतेत लाखो कारागीर हिऱ्यांना पैलू पाडतात. तो कच्चा हिरा परदेशातून विमानाने येतो आणि तयार हिरा मुंबईच्या बाजारातून विमानानेच जातो. त्या कारागिरांतले किती जण विमानात बसले असतील? चाकणच्या एखाद्या कारखान्यात यंत्राचा भाग तुटला आणि तो जर्मनीहून यायचा असला, तर तिसऱ्या दिवशी तो सहारला उतरलेला मी पाहिलाय. तोच जहाजाने आला असता तर तिथलं काम महिनाभर बसून राहिलं असतं.

भाड्याचं गणितही सांगते, म्हणजे काय परवडतं ते कळेल. विमानात भाडं नुसत्या वजनावर नसतं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ६००० ने भागायचं. जे वजन निघेल ते आणि काट्यावरचं वजन, यातलं जे जास्त त्यावर भाडं. म्हणून खोकं ऐसपैस बनवलं तर आपण हवेचं भाडं भरतो. हे न कळल्यामुळे पहिल्या वर्षी तोट्यात गेलेले निर्यातदार मी बघितलेत.

आता तुमच्या आंब्याकडे येते. नाशिकची द्राक्षं युरोपला जातात ती बहुतेक सगळी न्हावाशेवा बंदरातून थंड कंटेनरमध्ये, समुद्राने. द्राक्ष ते सोसतं. तयार झालेला हापूस ते सोसत नाही. त्याची साल सुरकुतते, आणि लांबच्या बाजारात पोचेपर्यंत दिवस संपतात. समुद्राने पाठवायचे प्रयोग झालेत आणि ते पुढे न्यायलाच हवेत, पण अमेरिकेत जाणारा हापूस आजही विमानावरच उभा आहे. १८ वर्षं बंद असलेली ती बाजारपेठ २००७ मध्ये उघडली. अट अशी की फळावर किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) विकिरणाची प्रक्रिया झाली पाहिजे, आणि तीसुद्धा अमेरिकेच्या कृषी खात्याच्या निरीक्षकासमोर. त्यासाठी लासलगावला आणि पुढे वाशीला सोय झाली. युरोपचं वेगळं. फळमाशी सापडली म्हणून २०१४ च्या मे महिन्यात त्यांनी भारतीय आंबा बंद केला, २०१५ च्या सुरुवातीला बंदी उठवली. तेव्हापासून ४८ अंश गरम पाण्यात तासभर बुडवून काढलेला आंबाच जातो.

आणि २०२० मध्ये काय झालं ते नीट बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. २०२० च्या मार्चमध्ये भारतातली नेहमीची आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणं थांबली, ती थेट २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली. मालवाहू विमानांना बंदी नव्हती. तरी पोटातली जागाच गेल्यामुळे भाडी कडाडली. लोकांनी मधल्या काळात सीट काढून प्रवासी विमानांत खोकी भरली, तेही आम्ही पाहिलं. पण अमेरिकेला हापूस २०२० आणि २०२१ असे दोन्ही हंगाम गेलाच नाही. माल तयार होता, वाशीचं केंद्र होतं, मालवाहू विमानंही उडत होती. तो निरीक्षक येऊ शकत नव्हता! एका माणसाचा प्रवास थांबला आणि दोन हंगामांची बाजारपेठ बंद पडली. वर बसलेला प्रवासी आणि खाली ठेवलेली पेटी हे दोन वेगळे धंदे आहेत असं कुणी म्हटलं की मी हे उदाहरण देते.

आपल्यापेक्षा याचा जास्त अनुभव केनियाला आहे. नैरोबीच्या वायव्येला नैवाशा नावाचं तळं आहे, त्याच्या काठाने गुलाबाची हरितगृहं आहेत. संध्याकाळपर्यंत छाटलेलं फूल रात्रीच्या विमानाने निघतं आणि सकाळी हॉलंडमध्ये असतं. तिथून आल्समीरच्या फुलांच्या लिलावात जातं. या हरितगृहांत काम करणाऱ्या बहुतांशी बायका. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडचा ज्वालामुखी फुटला, त्याची राख युरोपच्या आकाशात पसरली आणि जवळपास सहा दिवस विमानं जमिनीवर राहिली. एक लाखाच्या आसपास उड्डाणं रद्द झाली. बातम्यांत दिसले ते विमानतळांवर अडकलेले प्रवासी. नैवाशाला मात्र गुलाब टनावारी फेकून द्यावे लागले आणि हजारो मजूर घरी बसले. त्यांच्यापासून तो ज्वालामुखी हजारो किलोमीटर दूर होता. त्या तळ्याच्या पाण्यावरून आणि तिथल्या मजुरीवरून भांडणं आहेत आणि ती खरी आहेत, तरी ती फुलं नेणारं विमान बंद झालं तर त्या बाईला पर्याय काय, हेही विचारावं लागतं.

लशीचं थोडक्यात सांगते. पुण्यात बनलेल्या करोनाच्या लशीला २ ते ८ अंश तापमान सुटता कामा नये, वाटेत एकदाही नाही. २०२१ च्या जानेवारीत पुण्याहून पहिल्या पेट्या देशभर विमानाने गेल्या. २४ फेब्रुवारीला पुण्यात बनलेले सहा लाख डोस घानाच्या अक्राला उतरले. गरीब देशांसाठी उभारलेल्या जागतिक योजनेतून गेलेला तो पहिला साठा. आपल्या राज्यात बनलेली वस्तू आफ्रिकेतल्या परिचारिकेच्या हातात पोचली, याचा मला अजून अभिमान वाटतो. हृदयाचंही तसंच. ते शरीराबाहेर काढल्यावर चार, फार तर सहा तासांत दुसऱ्याच्या छातीत बसवावं लागतं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून हृदय विमानाने मुंबईला आलं आणि एका माणसात बसवलं गेलं. रस्त्याने घाटात अडकायची जोखीम कुणी घेतली असती?

कोकणाला तर हे जास्त सांगायला नको. रत्नागिरी, रायगडकडची माणसं पिढ्यान् पिढ्या आखाती देशांत आहेत. १९८२ पर्यंत मुंबईहून बसऱ्याच्या बाजूला ‘द्वारका’ बोट जायची, तिचा प्रवास दिवसेंदिवस चालायचा. आज घरी कुणी गेलं तर मुलगा दफनाला, अंत्यविधीला दुसऱ्या दिवशी पोचू शकतो. तिकडे कुणी वारलं तर देह घरी आणता येतो. अशा कागदांवर काम करताना हात कसा जड होतो हे मला माहीत आहे, पण आईला मुलाचं तोंड बघायला मिळतं. आणि १९९० आठवा. २ ऑगस्टला इराकने कुवेत घेतलं, आपली माणसं बगदादमार्गे जॉर्डनच्या अम्मानला पोचली आणि तिथून एअर इंडियाने सुमारे दोन महिने उड्डाणं करून एक लाखाहून जास्त लोकांना परत आणलं. त्यांतल्या कित्येकांनी अंगावरच्या कपड्यांशिवाय काही आणलं नव्हतं, पासबुकंसुद्धा तिकडेच राहिली होती. हा फायदा कुठल्या टक्केवारीत बसवणार?

नुकसानीबद्दल गप्प बसणं मला जमणार नाही. जगाच्या कार्बन उत्सर्जनात विमानांचा वाटा दोन-अडीच टक्के आहे, आणि तो अशा लोकांमुळे आहे जे जगात मूठभर आहेत. एक किलो आंबा विमानाने पाठवला तर जहाजापेक्षा कित्येक पट धूर होतो. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावं उठली. त्या लोकांच्या वाट्याला काय आलं हा हिशोब नफ्याच्या बाजूला लिहून संपत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जे समुद्राने किंवा रेल्वेने जाऊ शकतं ते तसंच जावं. मुंबई-पुणे विमानाची मला काही गरज दिसत नाही. विमान त्यासाठी ठेवावं ज्याला वेळ थांबत नाही.

मग चिपी? तिथे छोटी, सत्तरेक आसनांची विमानं येतात. त्यांच्या पोटात सहारसारखी पॅलेट (माल रचून एकदम चढवायचे मोठे तक्ते) चढत नाहीत, सुटी खोकी हाताने भरावी लागतात आणि सामानाच्या वर थोडीच जागा उरते. तुमचा आंबा चिपीहून थेट लंडनला जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. निदान आज तरी तो ट्रकने वाशीला आणि तिथून सहारलाच जाणार. चिपीचा उपयोग आजारी माणसाला, परीक्षेला जाणाऱ्या मुलाला, बाग बघायला येणाऱ्या खरेदीदाराला. तोही सेवा रोज आणि वेळेवर असली तरच. जी सेवा कधी असते कधी नसते, तिच्या भरवशावर कुणी धंदा उभा करत नाही.

त्यामुळे लोकप्रतिनिधी आले की धावपट्टी वाढवा म्हणण्याआधी विचारा की रोजच्या फेरीची हमी कोण देणार आणि भरउन्हात खोकी ठेवायला थंड खोली आहे का. आणि निर्यातीत उतरायचा विचार असेल तर सुरुवात विमानतळापासून करू नका. जामसंड्याला पणन मंडळाचं आंबा सुविधा केंद्र आहे, तिथे जाऊन या. युरोपसाठी बागेची नोंदणी लागते, ती कृषी खात्यामार्फत मँगोनेट या ऑनलाइन नोंदणीत होते. फवारणीची नोंदवही तारखेनिशी ठेवा, कारण औषधाचा अंश जास्त निघाला तर पूर्ण खेप परत फिरते आणि भाडं गेलं ते गेलं. हे सगळं मोहोर यायच्या आधी करायचं असतं. हंगामात केंद्रावर उभं राहायलाही जागा नसते. खोक्याचं माप ठरवताना अडलं तर इथेच विचारा, लांबी-रुंदी कळवलीत तर भाड्याचा हिशोब करून देईन.