गच्चीवर न जाणारी लेक आणि दीर्घिकांचं संशोधन

सप्रेम नमस्कार.

तुमची सगळी काळजी पत्रातल्या या ओळींत आली आहे: 'सुरुवातीच्या विश्वात दीर्घिका कशा जन्मल्या, एकमेकींत कशा मिसळल्या यावर संशोधन करायचं म्हणते, पण रात्री गच्चीवर जाऊन कधी आकाश बघत नाही. दिवसभर कॉम्प्युटरवर कोड लिहीत बसते. ही आवड खरी मानायची का?' भौतिकशास्त्राची पदवी हाती यायला तिला वर्षभर आहे, म्हणजे प्रश्न अगदी वेळेवर विचारलात.

दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी, ताऱ्यांचे प्रचंड समूह. त्यांचा जन्म, मिसळणं, यातलं काहीच गच्चीवरून दिसत नाही. जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीने टिपलेली एक दीर्घिका २०२४ मध्ये जाहीर झाली. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. ही दीर्घिका दिसते ती महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आतली. तिथून निघालेला ०.१२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचा अतिनील प्रकाश, विश्व प्रसरण पावत असल्याने, वाटेत सुमारे १५ पट ताणला जातो आणि १.८ मायक्रॉनचा अवरक्त होऊन पोचतो. डोळ्याला तो दिसणारच नाही. संशोधकासमोर येतात ते आकडे, आणि त्यातला गोंगाट बाजूला काढायचा तर कोड लिहावाच लागतो. पुढे याच दीर्घिकेत ऑक्सिजन सापडला. ऑक्सिजन ताऱ्यांच्या पोटात तयार होतो, म्हणजे तोवर ताऱ्यांची निदान एक पिढी जगून संपलीही होती! एवढ्या लवकर हे कसं घडलं, यावर आज जोरात काम चालू आहे. तुमच्या मुलीला उत्तर पाठ करायचं नाही, शोधायचं आहे, ही मला या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

मिसळण्याचंही तसंच. दोन दीर्घिकांची गाठभेट कोट्यवधी वर्षं चालते, ती कुणाला बसून पाहता येत नाही. १९४१ साली एरिक होल्मबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने ३७-३७ दिव्यांच्या दोन दीर्घिका मांडल्या. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौपट कमी होतो, गुरुत्वाकर्षणही तसंच. म्हणून प्रत्येक दिव्याच्या जागी पोचणारा प्रकाश फोटोसेलने मोजायचा, तेवढी ओढ धरून दिवा सरकवायचा, पुन्हा मोजायचं. तुमची लेक पुढे हेच करील, फक्त दिव्यांच्या जागी कॉम्प्युटरमधले कोट्यवधी कण असतील. सिम्युलेशन म्हणतात ते हेच.

आता पोटापाण्याचं, आडपडदा न ठेवता. पदव्युत्तर शिक्षण, मग पीएचडीची चार-पाच वर्षं. त्या काळात बहुतेक ठिकाणी विद्यावेतन मिळतं. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉकच्या, म्हणजे संशोधनाच्या तात्पुरत्या नेमणुका, अनेकदा वेगवेगळ्या देशांत. कायमच्या जागा थोड्या आहेत आणि पीएचडी झालेल्यांपैकी बरेच जण त्यांपर्यंत पोचत नाहीत. ते डेटा सायन्स, सॉफ्टवेअर, हवामानाची मॉडेल्स अशा कामांत जातात आणि तिथे त्यांच्या संख्याशास्त्राला मागणी असते. तरी तो मार्ग तिने कमीपणाचा मानू नये, हे आतापासून घरात बोललं गेलेलं बरं.

निर्णयाआधी तिला तीन महिने द्या. जेम्स वेब दुर्बिणीचा बराचसा डेटा सर्वांना खुला आहे, इलस्ट्रिसटीएनजी या मोठ्या सिम्युलेशनचाही. त्यातून विलीन होणाऱ्या दीर्घिकांची एकच जोडी निवडून वायूचं काय होतं आणि नवे तारे कधी वाढतात, एवढंच तिने तपासावं. तारे एकमेकांवर क्वचितच आदळतात, आदळतो तो वायू. खरी गंमत तिथेच आहे. मधे कोड अडेल, आलेख चुकेल, आठवडा वाया जाईल. त्या आठवड्यानंतर ती पुन्हा स्वतःहून बसते का, ते बघा. आणि शेवटी तिला चार पानं लिहायला सांगून ती तुम्ही वाचा. तुम्हाला कळेल असं तिला लिहिता आलं, तर ती पानं प्रवेशाच्या अर्जासोबत जोडायला हरकत नाही.