'द ब्रेकफास्ट क्लब' हा 1985 चा चित्रपट आजही लोकांना का आवडतो?

कारण त्यात जवळजवळ काहीच घडत नाही! शिकागोजवळच्या एका शाळेतली पाच मुलं शिक्षा म्हणून शनिवारी दिवसभर लायब्ररीत बसतात आणि बोलतात, एवढंच. हुशार (ब्रायन), खेळाडू, लाडावलेली श्रीमंत मुलगी (क्लेअर), विक्षिप्त मुलगी (ॲलिसन) आणि गुंड (बेंडर). सुरुवातीला हे निव्वळ साचेच वाटतात, कारण शाळाही त्यांना तसंच बघते. मग एकेकाचं घर उघडं पडतं. कुणाच्या हातावर सिगारचा चटका, कुणाला मार्कांची इतकी धास्ती की जीव द्यायचा विचार. दहावी-बारावी काढलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

माझ्या मते खरी ताकद एका प्रश्नात आहे. ब्रायन विचारतो, सोमवारी आपण एकमेकांना ओळख दाखवणार का? क्लेअर सरळ सांगते की नाही. दिग्दर्शक जॉन ह्यूज इथे गोड खोटं बोलत नाही.

सगळंच टिकलंय असं मात्र नाही. शेवटी ॲलिसनला नटवून 'सुंदर' करणं मला तेव्हाही खटकलं होतं. बेंडर क्लेअरला ज्या प्रकारे छळतो, त्याबद्दल खुद्द क्लेअरची भूमिका करणाऱ्या मॉली रिंगवाल्डनेच 2018 मध्ये लेख लिहून अस्वस्थता मांडली.

पाहिला नसेल तर दीड तासाचाच आहे, एका बैठकीत संपतो. शेवटचं गाणं नंतर दोन दिवस डोक्यातून जाणार नाही, ती तयारी ठेवा.