शिक्षकांचे प्रश्न : वर्गात एकच फोन असेल तर

प्रश्न : सहावीच्या वर्गात ३२ मुले आहेत आणि फोन फक्त माझाच. मुलांच्या हाती फोन न देता, क्यूआर कोडसारखे कॅमेऱ्याने वाचता येणारे कोड वापरून वर्ग बोलता करता येईल का? — एक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

येईल. शिवाय प्रत्येक मुलाच्या हाती फोन असण्यापेक्षा ही पद्धत आम्हांला जास्त भावते, कारण मुलांची नजर फळ्यावर राहते.

'प्लिकर्स' हे ॲप यासाठीच आहे. त्यात उलटा प्रवास होतो : कोड मुलांच्या हातात आणि कॅमेरा तुमच्या. संकेतस्थळावर वर्ग तयार करून मुलांची नावे भरा, म्हणजे प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. त्या क्रमांकांची कार्डे साध्या कागदावर काळ्या शाईत छापून पुठ्ठ्यावर चिकटवा. कार्डाच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही बारीक अक्षरे असतात. जे उत्तर निवडायचे ते अक्षर वर येईल असे कार्ड मुलाने धरायचे. तुम्ही फोन वर्गावरून सावकाश फिरवला की कोणी काय निवडले ते नावासकट पडद्यावर दिसते. अक्षरे बारीक असल्याने आणि प्रत्येक कार्डावरची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे अवघड जाते. इंटरनेट लागते, तुमच्या फोनवरचा डेटा पुरतो.

कार्ड वाचले जात नसेल तर आधी बोटे पाहा. काळ्या भागावर अंगठा आला की कोड तुटतो; मुलांना कडेला धरायला शिकवा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, त्यावर उजेड चमकतो. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या मुलांची कार्डे काळवंडून दिसतात, त्यांच्याजवळ दोन पावले जा.

पण खरी मेहनत प्रश्नात आहे. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलांची एखादी खरी समजूत हवी. 'मोठी संख्या कोणती : ०.५ की ०.३५?' असे विचारले की ३५ हे ५ पेक्षा मोठे म्हणून ०.३५ निवडणारी मुले लगेच कळतात. बरोबर उत्तरे साधारण १० ते २२ मुलांची, म्हणजे वर्गाच्या ३० ते ७० टक्के आली, तर उत्तर सांगू नका. दोन मिनिटे शेजाऱ्याला पटवून द्यायला सांगा आणि पुन्हा कार्डे वर करायला लावा. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकात रुजवलेली ही पद्धत आहे. त्याहून कमी मुले बरोबर असतील तर चर्चेत वेळ घालवू नका, तो भाग पुन्हा शिकवा. तासाला असे दोन-तीन प्रश्न पुरेत.

प्रश्न : भिंतीवर क्यूआर कोड चिकटवून 'कोड शोधा' खेळ लावला. गटागटाला घरचा एकेक फोन होता, पण निम्मे कोड उघडलेच नाहीत. — एक शिक्षक, माध्यमिक शाळा

बहुधा तुम्ही कोडमध्येच मराठी मजकूर भरला असावा. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट (माहिती मोजण्याचे एकक) घेते आणि काना, वेलांटी, हलन्त वेगळे मोजले जातात. 'शिक्षक' या तीन अक्षरी शब्दाचेच १८ बाइट होतात! मध्यम दर्जाच्या दुरुस्तीक्षमतेत (म्हणजे थोडा भाग खराब झाला तरी कोड वाचता यावा अशा सोयीत) सत्तरेक चिन्हांच्या मजकुराला ५७ × ५७ काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कोड लागतो, तर २५ इंग्रजी अक्षरांचा वेबपत्ता २५ × २५ मध्ये बसतो. म्हणजे ५ सेंमी रुंद कोडात एक चौकट अनुक्रमे ०.९ आणि २ मिमीची. स्वस्त कॅमेऱ्याला हा फरक जाणवतो. म्हणून मजकूर इंटरनेटवरच्या एका पानावर ठेवून त्याचा छोटा पत्ता कोडमध्ये घाला. इंटरनेट नसेल तर मात्र थेट मजकूरच हवा. तो एका ओळीत आटोपा आणि कोड मोठा छापा.

कोडभोवती चार चौकटींइतकी कोरी पांढरी जागा सोडा. सजावटीची किनार तिथे आली की कोड बिघडतो. रुंदी अंतराच्या एक दशांश धरा : दोन मीटरवरून वाचायचा तर २० सेंमी. फिकट रंगात छापू नका. कोड वाचला गेला, पण पान उघडले नाही, तर बहुतेक वेळा गूगल ड्राइव्हवरची फाइल 'लिंक असलेल्या कोणालाही' खुली केलेली नसते. पान उघडते का, ते दुसऱ्याच्या फोनवर पाहा; तुमच्या फोनवर सगळे उघडतेच.

प्रश्न : पाठ्यपुस्तकावरचा कोड फाटला आहे. आता? — एक पालक

'दीक्षा' या सरकारी शिक्षण-ॲपचा कोड असेल तर त्याखाली छापलेली सहा अक्षरे ॲपमध्ये टाइप करा, तोच धडा उघडतो. शाळेत नेट नसेल तर घरी डाउनलोड करून न्या, ॲपमध्ये नंतर नेटशिवाय चालतो.