प्रमाणित चाचणीतील गुण सामान्य बुद्धिमत्ता दाखवतात की भाषा, गणित यांसारख्या विशिष्ट क्षमता?

दोन्ही दाखवतात, पण समप्रमाणात नाही. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी 1904 मध्ये दाखवून दिले की, वरकरणी एकमेकांशी संबंध नसलेल्या विषयांतील गुणही परस्परांशी धन सहसंबंध राखतात, म्हणजे एका विषयात जास्त गुण मिळवणाऱ्यांना दुसऱ्यातही सहसा जास्त गुण मिळतात. या सामाईक भागाला त्यांनी ‘जी’ घटक, म्हणजे सामान्य बुद्धिमत्तेचा घटक, म्हटले. लुई थर्स्टन यांनी 1938 मध्ये याला आव्हान देत सात प्राथमिक क्षमता मांडल्या, परंतु त्या क्षमताही आपसांत सहसंबंधित निघाल्याने ‘जी’ मागच्या दाराने परत आलाच. पुढे जॉन कॅरोल यांनी 1993 मध्ये चारशेहून अधिक माहितीसंचांचे पुनर्विश्लेषण करून तीन स्तरांची रचना मांडली, जिच्या शिखरावर सामान्य घटक आणि त्याखाली व्यापक व संकुचित क्षमता येतात.

अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या ‘सॅट’ या चाचणीबाबत फ्रे आणि डेटरमन यांच्या 2004 च्या अभ्यासात, एका मोठ्या अमेरिकी नमुन्यात, ‘सॅट’चे गुण आणि ‘जी’ यांचा सहसंबंध 0.82 आढळला. म्हणून विशिष्ट क्षमता निरुपयोगी ठरतात, असे मात्र मला वाटत नाही. एकूण गुण सारखे असलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाचा कल गणिताकडे आणि दुसऱ्याचा भाषेकडे असेल, तर तो फरक त्यांच्या पुढील अभ्यासशाखेचा अंदाज देतो, हे थॉमस कॉइल आदींच्या संशोधनातून दिसले आहे. उपघटकांचे गुण वाचताना मात्र सावध राहावे, कारण मोजक्या प्रश्नांवर आधारलेल्या गुणांची विश्वसनीयता कमी असते.