बाळ झोपलं तरी तू जागी का?

ताई, माझा मुलगा सात आठवड्यांचा आहे. दिवसभर डाराडूर झोपतो आणि रात्रीचे अकरा वाजले की टक्क जागा. दर दीड-दोन तासांनी दूध, मग खांद्यावर टाकून येरझाऱ्या. खाली ठेवला की पुन्हा रडणं सुरू. सव्वा महिना सांगलीला आईकडे होते तेव्हाही हेच, आता पुण्यात आलो तरी हेच. सासूबाई म्हणतात गुटीत जायफळाचे दोन वळसे जास्त दे. आई म्हणते रोज संध्याकाळी दृष्ट काढ. दीड महिन्याच्या लशीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, वजन छान वाढतंय, काळजी नको. माझा नवरा खूप समजूतदार आहे, पण रात्री उशिरापर्यंत त्याचे कॉल असतात, म्हणून तो दुसऱ्या खोलीत झोपतो. "बाळ झोपलं की तूही झोपत जा," असं मला सारखं सांगतो. पण बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही, मोबाईलच्या उजेडात त्याचं पोट हलतंय का ते बघत बसते. असो. बाळाला रात्री झोपवण्याचा काही खात्रीचा उपाय असेल तर सांगा.
– एक आई, पुणे

अगं, एवढ्या पत्रात स्वतःबद्दल तू एकच ओळ लिहिलीस आणि तीही 'असो' म्हणून गुंडाळून टाकलीस. मी त्याच ओळीपाशी थांबले आहे. आज मला बोलायचंय ते तिच्याबद्दल.

बाळाचं आधी उरकते. सात आठवड्यांच्या बाळाला दिवस कुठला आणि रात्र कुठली हे कळत नाही. त्याच्या शरीरातलं घड्याळ बसायला दोन-तीन महिने जातात. या वयात बाळं चोवीस तासांत साधारण 14 ते 17 तास झोपतात, पण तुकड्यातुकड्यांनी. रडण्याचा जोरही साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार महिन्यांपर्यंत पुष्कळ ओसरतो. तुझं बाळ दूध नीट पितंय, वजन वाढतंय, म्हणजे ते आपल्या वयाप्रमाणेच वागतंय. दिवसा खोलीत भरपूर उजेड राहू दे, घरातले आवाज चालू राहू देत. रात्री मंद दिवा ठेव आणि दूध पाजताना बोलणं-खेळणं टाळ. झोपवताना नेहमी उताणं, सपाट आणि टणक गादीवर. उशी नको. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती मोहरीचीही नको. ताप आला, दूध पिणं कमी झालं किंवा बाळ मलूल वाटलं तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे जा.

जायफळाला मात्र स्पष्ट नाही म्हण. जायफळात गुंगी आणणारी द्रव्यं असतात आणि सहाणेवर किती उगाळलं गेलं याचं माप कुणाकडेच नसतं. पहिले सहा महिने आईचं दूध आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब, याशिवाय बाळाच्या पोटात काहीही जायला नको. गुटीही नको. सासूबाईंना माझं नाव सांग, हवं तर हा मजकूर वाचून दाखव. दृष्ट काढल्याने कुणाचं काही बिघडत नाही, आईला समाधान मिळू दे.

आता तुझ्याकडे वळते.

जी बाई सात आठवडे दोन-दोन तासांच्या तुकड्यांवर जगतेय, तिला उशीला डोकं टेकताच झोप लागायला हवी. बाळ रडत नाहीये, घर शांत आहे, अंग ठणकतंय आणि तरीही डोळा लागत नाही, हे बाळाच्या जागरणामुळे होत नसतं. उद्या समज तुझा मुलगा सलग सहा तास झोपला, तर तू ते सहा तास मोबाईल हातात धरून त्याचं पोट बघत बसशील. म्हणून त्याला झोपवण्याचा उपाय तुझ्या काही कामाचा नाही. तू ज्या दुखण्यावर औषध मागते आहेस, ते तुझ्या मुलाला झालेलंच नाही.

बाळंतपणानंतर पहिले दहा-पंधरा दिवस उगाच रडू येतं, चिडचिड होते, आणि ते आपोआप जातं. हे आपल्या आया-मावश्यांना माहीत असतं, म्हणून त्या "होईल गं सगळं नीट" म्हणून मोकळ्या होतात. पण दोन आठवडे उलटल्यावरही झोप उडालेलीच असेल, मन सतत धास्तावलेलं असेल, तर त्याला 'होईल नीट' म्हणून चालत नाही. प्रसूतीनंतर येणारं नैराश्य आणि चिंतेचा आजार, दोन्ही अशा पावलांनी येतात. नैराश्य म्हणजे दिवसभर रडणारी, बाळाकडे न बघणारी बाई, असं आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. कितीतरी आयांमध्ये ते भीतीचं रूप घेऊन येतं. बाळाकडे दुर्लक्ष तर सोडच, त्याच्यावरून नजर हलवणंच जमत नाही. मग घरातले म्हणतात, किती जपते बाळाला! आणि आजार कौतुकाखाली झाकला जातो.

तुझ्यासारख्या खूप जणी आहेत. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात गरोदरपणापासून पाहिलेल्या बायकांचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना त्यांच्यातल्या 23 टक्के आयांना नैराश्य होतं. तुझं बाळ बरोबर त्याच वयाचं आहे. बाळ झाल्यावर शरीरातली संप्रेरकं झपाट्याने खाली येतात, त्यात झोपेचं खोबरं झालेलं असतं. काही जणींचं थायरॉइड बाळंतपणानंतर बिघडतं, काहींच्या अंगात रक्त कमी असतं. तुझं मन कमकुवत आहे किंवा आई म्हणून तू कुठे कमी पडतेस, असा याचा अर्थ काढशील तर मी तुझ्यावर चिडेन.

लशीच्या दिवशी काय झालं असेल ते मला दिसतं. बाळाचे कपडे काढून वजनकाट्यावर ठेवलं, आकडा कार्डावर लिहिला, सगळे खूश झाले. समोर उभ्या असलेल्या तुला, शेवटची सलग चार तास कधी झोपलीस, हे विचारलं का कुणी? बाळाचं कार्ड भरलं गेलं, तुझं कुणी उघडलंच नाही. आयांसाठी दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली आहे, एडिनबरा स्केल म्हणतात तिला. 1987 पासून जगभर वापरात आहे, भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. त्यात विनाकारण काळजी वाटते का, भीती वाटते का, झोप लागत नाही का, असं विचारतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा आहे. तो मी तुला इथे विचारते, कारण तू ते पत्रात लिहिलं नसतंस. स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार एकदा जरी मनात येऊन गेला असेल, किंवा इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू येत असतील, तर पुढचं वाचू नकोस. नवऱ्याला आत्ता उठव आणि याच रात्री दवाखान्यात जा.

तसं काही नसेल, तर मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. उद्या सकाळी, दवाखाना उघडला की, तुझं बाळंतपण केलेल्या डॉक्टरांना फोन लाव आणि याच आठवड्यातली वेळ घे. बाळासाठी नाही, स्वतःसाठी. तिथे गेल्यावर गोष्ट रंगवून सांगायची गरज नाही. मला लिहिलेली ओळच सांग: "बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही, त्याचं पोट हलतंय का ते बघत बसते." त्या रक्त तपासतील, थायरॉइड बघतील, प्रश्न विचारतील. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. बोलण्याने खूप फरक पडतो, आणि औषध लागलंच तर अंगावर पाजणाऱ्या आईला देता येतात अशी औषधं आहेत. दूध तोडावं लागेल या भीतीने घरी बसू नकोस. वेळ मिळायला दोन-तीन दिवस लागणार असतील तर 14416 वर फोन कर. सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे, रात्री तीन वाजताही कुणीतरी उचलतं.

आणि तुझा नवरा. त्याच्याविषयी मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. "बाळ झोपलं की झोपत जा" हे वाक्य दुसऱ्या खोलीतून सांगायला काही कष्ट पडत नाहीत. तू झोपतेस की नाही हे त्याने एकदाही येऊन पाहिलेलं दिसत नाही. तो चांगला माणूस असेल, तू म्हणतेस म्हणून मी मानते. पण तू त्याला हे सांगितलेलंच नाहीस, होय ना? त्याची झोपमोड नको, त्याचा कॉल असतो, तो दमतो. दमला तर दमू दे. त्याचं बाळ सात आठवड्यांचं आहे, या दिवसांत त्यालाही दमायलाच हवं. आज रात्री त्याला हाक मार आणि तू काय करत बसतेस ते बघू दे. डॉक्टरांकडे तो तुझ्याबरोबर येईल, रजा टाकून येईल. आणि तोवर रोज रात्री नऊ ते दोन बाळ त्याच्या खोलीत. दुधापुरतं तुझ्याकडे आणून देईल, ढेकर काढायला परत घेऊन जाईल. तू दार लावून, मोबाईल बाहेर ठेवून पडून राहायचं. झोप लागली तर उत्तम. नाही लागली तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

घरात कुणी म्हणेल, बाळंतिणीला असलं काही होत नाही, आमच्या वेळी नव्हतं हे. त्यांच्या वेळीही होतं. अंधाऱ्या बाळंतखोलीत बसून त्यांनी ते कुणाला न सांगता सोसलं. त्यांच्याशी वाद घालत बसू नकोस, ती ताकद तुझ्याकडे आत्ता नाही. ते बोलणं नवऱ्यावर सोपव.

एकच गोष्ट लक्षात ठेव. डॉक्टरबाई घाईत असतील, "पहिलटकरणींना सगळ्यांनाच होतं असं" म्हणून पाठीवर थोपटून तुला उठवायला बघतील. उठायचं नाही. म्हणायचं, "मॅडम, मी सात आठवडे झोपलेले नाही. माझं रक्त तपासा आणि मला मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी द्या." चिठ्ठी हातात पडेपर्यंत खुर्ची सोडायची नाही.