इकोत ४०, एमआरआयमध्ये ३४, मग खरं कुठलं?

प्रश्न : बाबा ६२ वर्षांचे आहेत, दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला. टू-डी इकोत पंपिंग (ईएफ) ४० टक्के आलं, नंतर हार्टचा एमआरआय केला तर ३४. रिपोर्टमध्ये लिहिलंय की मोजमाप सेमी-ऑटोमेटेड सॉफ्टवेअरनं केलंय. डॉक्टर म्हणतायत ३५ च्या खाली आहे तर आयसीडी (ठोके धोकादायक बिघडले तर शॉक देणारं, शरीरात बसवायचं छोटं यंत्र) बसवायचा विचार करू. कॉम्प्युटरच्या आकड्यावर एवढा मोठा निर्णय कसा घ्यायचा?
– एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे. पण त्या ओळीतला 'सेमी' हा शब्द महत्त्वाचा आहे, हा आकडा कॉम्प्युटरनं एकट्यानं काढलेला नसतो.

एमआरआयमध्ये बाबांना सारखं श्वास रोखून धरायला सांगितलं असेल ना, तेव्हा हृदयाच्या आडव्या चकत्या घेतल्या जातात, काकडीच्या करतो तशा, साधारण १०-१२, प्रत्येक ८ मिलिमीटर जाडीची आणि मध्ये बहुतेक वेळा २ मिलिमीटर गॅप, म्हणजे १ सेंटिमीटरला एक चकती धरा. प्रत्येक चकतीचे एका ठोक्यात २०-३० फोटो. त्यात रक्त पांढरं दिसतं आणि स्नायू करडा. सॉफ्टवेअर त्या दोघांमधली कड शोधून रेघ मारतं, मग टेक्निशियन किंवा रेडिओलॉजिस्ट एकेक रेघ बघून चुकली असेल तिथे माऊसनं सरकवतो. पूर्वी सगळं हातानं काढायचे, अर्धा तास सहज जायचा.

रेघेच्या आतलं क्षेत्रफळ गुणिले १ सेंटिमीटर, सगळ्या चकत्यांची बेरीज केली की डाव्या कप्प्यात किती मिली रक्त मावतं ते कळतं. समजा फुगलेला असताना १८० मिली आणि आकुंचन पावल्यावर ११९ उरलं, तर बाहेर गेलं ६१, म्हणजे १८० च्या ३४ टक्के, हेच ईएफ. इकोत सहसा एक-दोन बाजूंनी बघून बाकीचा आकार धरून चालतात, आणि अटॅकनंतर हृदयाची भिंत एका जागी पातळ होऊन वेडीवाकडी झाली असेल तर तो अंदाज फसतो. म्हणून दोन्हींत फरक पडला तर मी एमआरआयकडे झुकतो, फोटो नीट आले असतील तर.

पण खरी गोम सगळ्यात वरच्या चकतीत आहे. हृदय आकुंचन पावतं तेव्हा झडप खाली टोकाकडे सरकते, त्यामुळे जी चकती आधी कप्प्यात होती ती आता कर्णिकेत, म्हणजे झडपेच्या वरच्या कप्प्यात गेली की अजून कप्प्यातच आहे हे माणसानंच उभ्या छेदाचा फोटो बघून ठरवायचं असतं, सॉफ्टवेअर इथे हमखास गोंधळतं. आकुंचनाच्या वेळी ती चकती १२ चौरस सेंटिमीटरची असेल तर १२ मिलीचा प्रश्न आहे. ती चुकून वगळली तर वरच्या हिशोबात उरलेलं रक्त ११९ ऐवजी १०७ होतं आणि ईएफ थेट ४१ वर जातं! एका चकतीनं ७ टक्के. कप्प्यातले पॅपिलरी स्नायू (झडपेला धरून ठेवणारे छोटे स्नायू) रक्तात धरले की वगळले यानंही थोडा फरक पडतो, आणि ठोके अनियमित असतील तर फोटोच पुसट येतात, मग रेघ कुणीही मारली तरी शंका राहते.

त्यामुळे रेडिओलॉजिस्टना मोकळेपणानं विचारा की वरची चकती आणि रेघा स्वतः तपासल्या का, विचारण्यात काही गैर नाही. ३४ आणि ३६ मध्ये मोजमापाच्या दृष्टीनं फारसा फरक नसतो, म्हणून आयसीडीसाठी कार्डिओलॉजिस्ट फक्त आकडा बघत नाहीत, पूर्ण डोसची औषधं किमान ३ महिने घेऊनही ईएफ ३५ किंवा खालीच आहे का, दम लागतो का, हे सगळं बघतात. बाबांची औषधं सुरू होऊन किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलं नाहीये, ते आधी त्यांच्याशी बोला. आणि फोटोंची सीडी मागून घ्या, नुसता रिपोर्टचा कागद नको, म्हणजे पुढच्या वेळी त्याच पद्धतीनं मोजून जुन्या रेघांशेजारी नव्या ठेवून बघता येतील.