पुस्तक पुण्यातून येतं, वर्ष गावातून

कऱ्हाड

प्रिय पोरी,

जत तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेवर रुजू झालीस, फार बरं वाटलं. तू विचारतेस, अभ्यासक्रम वरून ठरून आलेला, पुस्तकं छापून आलेली, मग माझ्या हातात उरतं काय? प्रश्न रास्त आहे, वैताग मात्र जरा लवकर आला.

पुस्तक पुण्याहून, बालभारतीतून येतं. पण तुझ्या वर्गाचं वर्ष बालभारती ठरवत नाही, ऊसतोड ठरवते. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि काही पोरं आईबापांबरोबर जातात. त्यांचं दुसरं सत्र फडात सरतं. नीट बघ, तिसरीत, चौथीत, पाचवीत दरवर्षी त्याच पोरांचे वर्षाच्या उत्तरार्धातले पाठ बुडतात. नियोजनाच्या तक्त्यात घटक पूर्ण झालेला असतो, आणि पोराला गणित जमत नाही असा शेरा बसतो. ते त्याला कुणी शिकवलेलंच नसतं!

म्हणून दुसऱ्या सत्रातला जो घटक पुढच्या इयत्तेचा पाया आहे, तो ऑगस्टातच उरकून घे. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत पोराला काय यायला हवं ते, वर्षाअखेर गाठायच्या असतात, पाठांचा क्रम काही दगडावरची रेघ नाही. फक्त केंद्रप्रमुखांच्या कानावर आधी घाल. तपासणीला आल्यावर खुलासा देत बसण्यापेक्षा ते बरं. (त्या खुर्चीत बसलो होतो म्हणून सांगतो.)

दुसरी गोष्ट भाषेची. तुझ्याकडे बरीच पोरं घरी कन्नड बोलतात. असं पोर गप्प बसलं की मंद समजू नकोस, त्याला वर्गात कन्नड बोलायला बंदीही करू नकोस. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडून तूच रोजच्या वापरातलं कन्नड शीक.

आणि हे सगळं नियमाबाहेरचं वाटत असेल तर थोडं मागे बघ. महात्मा फुल्यांचं घराणं मूळचं आपल्या कटगुणचं, खटाव तालुक्यातलं. १८८२ साली इंग्रज सरकारनं शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादीच मांडली. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. शिवाय शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील, असंही सांगितलं. पोट शेतीवर असणाऱ्यांच्या वतीनं केलेली ती मागणी होती. पुढे कर्मवीर भाऊरावांनी १९१९ मध्ये इथून जवळच काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राबत आणि एका पंगतीत जेवत. ही पंगत कुठल्याच परीक्षेला नव्हती, पण पोरं ती शिकून बाहेर पडली.

गाव नेहमी शहाणंच असतं असं मात्र समजू नकोस. वर्ग झाडायला पोरी आणि बाकं उचलायला पोरं, हाही गावानं शाळेत घुसवलेला धडाच आहे. तो पहिल्या आठवड्यातच मोड. पालक शिष्यवृत्ती, नवोदय, सैनिक स्कूल यांच्या तयारीसाठी मागे लागतील. रान कोरडवाहू असलं की माणूस परीक्षेकडंच बघणार, त्यांना दोष देऊ नकोस. शाळा सुटल्यावर तासभर हवा तर दे, पण चित्रकला आणि कार्यानुभवाचा तास त्यापायी मोडू नकोस.

गाव मनावर घेतं तेव्हा काय होतं तेही तुझ्याच सांगली जिल्ह्यात दिसतं. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की टीव्ही-मोबाइल बंद आणि पोरं अभ्यासाला. हा निर्णय गावाचा होता.

तुझ्या हातात त्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती आहे. कायद्यानं तिच्यात पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरतीच उरते. तू खरी सभा घे. कोणत्या घरचं पोर आजीजवळ राहू शकेल, कुणासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी करायची, हे त्या आयांसमोर ठरव. टोळ्यांची उचल पावसाळ्यातच घेऊन झालेली असते, तेव्हा दसऱ्याची वाट बघू नकोस.

तुझा,
एक निवृत्त केंद्रप्रमुख